डोळा लागणं

आमच्या शेंदुरजन्यात डोळा म्हटलं की आधी संत्र्याचा.
डोळकाडीवरून काढलेला, नखाएवढा,
सालीची होडी अन् तिच्यात एक हिरवा ठिपका.
जंबेरीच्या खुंटाला चीर द्यायची,
साल दोन्हीकडून उचलायची,
डोळा आत सरकवून पट्टी बांधायची
आणि उकिडव्यानंच पुढच्या रोपाकडे.
दिवसाला आठशे भरायचो.
मालक पैसे देतो एकविसाव्या दिवशी,
तेही जिवंत डोळ्यांचे.
मेलेला काळा पडतो, बोट लागलं की गळतो.

पौषात एका सकाळी चाकूच्या टोकावर केस दिसला.
फुंकला. गेला नाही.
मान वळवली तर तोही वळला.
दुपारपर्यंत त्याची जाळी झाली,
आणि संध्याकाळी कांतानं बल्ब लावला तेव्हा
उजव्या बाजूला कोणी
पाण्यात कुंकू सोडत होतं.
दुखलं मात्र काहीच नाही.
हेच कोणाला पटेना.

वरूड, मग अमरावती, मग काटोलवरून नागपूर.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याच्या नसा सुजल्यात.
सुजलेल्या बंद पडतात, मग नव्या येतात,
कच्च्या. त्या गळतात, म्हणून रक्त.
हे मला लगेच समजलं.
कलमाच्या खालून खुंटाला फुटवे येतात,
नुसते काट्यांचे, रस ओढणारे.
म्हटलं, मंग खुडा ना ते.
म्हणाल्या, लेसरनं तेच करू.

घरात कोणाला खोकला होता का?
मी नाही म्हटलं.
कांता म्हणाली, शेषरावकाका.
वाफ्यात माझ्या मागे बसून, माझा हात धरून
त्यानं चीर शिकवली, तीन हंगाम.
उबळ आली की तोंड माझ्या मानेवर.
पण हातही त्याचाच आहे हा.

बारा गोळ्या, मग दहा, मग आठ.
चेहरा फुगला भाकरीसारखा.
गावात म्हणाले, नागपूरचं पाणी मानवलं याले.
रात्र रात्र डोळा लागेना,
दोन वाजता ओट्यावर बसून कुत्री मोजायचो.
सूज उतरवणाऱ्या गोळीनं डाव्याचं प्रेशर चढवलं,
प्रेशरचे थेंब आले, थेंबांमागून मोतीबिंदू,
वय चौतीस.
तोवर उजव्याचा पडदा सुटला,
पट्टी सैल राहिली की साल उघडते, तसा.

प्रमाणपत्रावर तीस टक्के.
चाळीस असते तर काहीतरी मिळालं असतं.
खिडकीतला माणूस म्हणाला, डावा आहे ना?
मी डोया म्हटलं, त्यानं दुरुस्त करून डोळा लिहिला.

भिंतीवर कॅलेंडरशेजारी चौकटींचा कागद आहे.
रोज डाव्यानं मधला ठिपका पाहायचा,
रेघा वाकल्या की एसटी धरायची.
मंगळवारी तिसरी रेघ वाकली होती.
कोणाला सांगितलं नाही.
बुधवारी सरळ होती,
किंवा मी तिरका पाहिला असेन.

यंदा वाफ्यात भाची बसते, प्रांजली.
मी डोळकाडीवरून डोळे काढून देतो, अंगठ्याच्या मापानं.
अंगठ्याला कधी दिसत नव्हतंच.
ती घाईची आहे, पट्टी वाकडी बांधते,
अन् मोबाईल मांडीखाली वाजत राहतो.
तरी एकविसाव्या दिवशी पट्ट्या सोडताना
तिच्या मागून मी बोट टेकवत गेलो.
जिवंत डोळा बोटाला जरा उलटून लागतो,
थंड, ताठ.
मेलेला काहीच म्हणत नाही.
लागला, मामा. लागला. हा गेला. लागला.
सातशे छत्तीस.
मालकानं स्वतः पुन्हा मोजले.

त्या रात्रीही ओट्यावरच बसलो होतो,
कुत्री बहुतेक वाढली आहेत.
पहाटे कांता म्हणाली,
लागला होता ना तुमचा डोया थोडासा.
म्हटलं, कोणता?