तीन तवे

दुपारी दोनला, औसा रोडवर सावलीही शटरखाली शिरते तेव्हा
प्रज्योत आला, पोटाशी खोका धरून.
पुण्याच्या कुणीतरी वापरून विकलेलं ग्राफिक्स कार्ड,
तीन पंखे, विटेएवढं जड.
म्हणाला, दादा, एवढं टाकूनबी गेम अडकायलाय.
पळतो, थबकतो, पळतो.
कार्ड डुप्लिकेट तर नसंल?

मी डब्याची काच काढली.
आत काळ्या मातीची धूळ, ओळखीची,
आणि मधोमध प्रोसेसर,
बंद पडलेल्या एका क्लासच्या टेस्ट-लॅबमधून लिलावात आलेला.
चार कोर. नऊ वर्षं.
किती पोरांच्या नीटच्या सराव परीक्षा त्यानं सोसल्या असतील.
वरची पेस्ट वाळून खडू झालेली.

ती पुसली, नवी लावली, हरभऱ्याएवढी.
सगळं जोडून गेम लावला, कोपऱ्यात आकडे उघडले.
प्रोसेसर : शंभर. शंभर. शंभर.
कार्ड : चौतीस. एकतीस. चौतीस.
कार्ड चांगलंय, म्हटलं. रिकामं बसून आहे, एवढंच.
त्याचं तोंड असं झालं
की मी त्याच्या घरातल्याच कुणाला आळशी म्हटलं.

येळवशीच्या आदली रात्र आठव.
तीन चुली पेटल्यात, तीन तवे तापून लाल,
आणि भाकरी थापणारी एकटी तुझी मावशी,
तिचंही मनगट दुखतंय.
तवा चौथा आणलास तरी काय होणार?
प्रोसेसर थापतो :
कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली,
दार कुठल्या अंगाला उघडलं.
कार्ड भाजतं, रंगवतं.
थापलेलंच आलं नाही तर भाजायचं काय?

मग नवा प्रोसेसर टाका, म्हणाला.
खिशात सव्वीसशे रुपये, त्यातले बरेचसे दहा-दहाचे.
नव्या प्रोसेसरला बोर्ड नवा, बोर्डाला रॅम नवी,
मग पॉवर सप्लाय कुरकुरणार.
उधारीवर मी हे सगळं त्याच्या गळ्यात घालू शकलो असतो.
जिभेवर आलंही होतं.

शेषरावनं घालू दिलं नसतं.
शेषराव, म्हणजे या काउंटरच्या पलीकडचा स्टूल.
मी तासाला चार ऑर्डरी घ्यायचो,
तो दिवसाला एक मशीन बांधायचा,
वायरी अशा वळवायचा, जशी कुणाची वेणी घालतोय.
एकदा गिऱ्हाइकांसमोर म्हणालो,
तुझ्यापाशीच तुंबतंय सगळं.
त्यानं स्क्रूड्रायव्हर पुसला, पाकिटात त्याच्या घरात सरकवला,
आणि दिवाळीनंतर वाळूजला गेला.
आता मीच घेतो, मीच बांधतो. भराभर.
गेल्या महिन्यात तीन मशीनं परत आली.

तर मी सेटिंग उघडली.
चित्राची बारकाई वाढवली,
पाण्यातली प्रतिबिंबं चालू केली. घे, कर काम.
रस्त्यावरची गर्दी निम्म्यावर आणली,
कारण माणसं मोजायची म्हणजे प्रोसेसरचा जीव जातो.
वेग सत्तरवरून तीसवर आपटत होता,
तो पंचेचाळीसवर बांधून टाकला.
कार्ड : एकोणऐंशी. प्रोसेसर : एक्याण्णव.
दोघांचं जमलं वगैरे काही नाही, यंत्रं ती.
पण थबकणं गेलं.

प्रज्योत अर्धा तास नुसता चालत राहिला त्या गावात.
एकही गोळी झाडली नाही.
मग म्हणाला, दादा, बाजार मोकळा मोकळा वाटायलाय.
इथली माणसं कुठं गेली?

पेस्टचे दीडशे घेतले.
स्टुलावरचे रिकामे खोके उतरवून खाली ठेवले,
तो म्हणाला, नको दादा, बसत नाही, निघतो,
तरी ते पुन्हा वर ठेवले नाहीत.