राखून ठेवलेला

बेलापूरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणाला,
निकाल राखून ठेवलाय.
मी विचारलं, कुठे?
गावंड वकीलबाई हसल्या नाहीत,
दंड धरून मला जिन्यापर्यंत घेऊन आल्या.

आमच्याकडे राखून ठेवतात ते निवट्यांचं कालवण,
शेवटच्या वाटीत, ताटलीखाली,
जो उशिरा येणार त्याच्यासाठी.
ओबिन्ना उशिराच यायचा,
गाळ्यावर शर्टांचे गठ्ठे उतरवून.
काट्यासकट खायचा.
ते बघूनच बाबांनी त्याला पहिल्यांदा
जावई म्हटलं.

आता तो तळोज्याला.
व्हिसा संपला तो आदा जन्मली त्या आठवड्यात.
मी वाशीच्या दवाखान्यात, टाके ओले,
आणि तो रांगेत नव्हता, माझ्या उशाशी होता.
हे अर्जात लिहिलंय.
इंग्रजीत ते फार लहान दिसतं.

बाबांची पत्र्याची पेटी अजून पलंगाखाली आहे.
सातबारा, सिडकोची नोटीस, साडेबारा टक्क्यांच्या पावत्या,
आम्ही इथलेच, एवढं सांगायला
बत्तीस वर्षांचे कागद.
परवा त्यांनी त्यातच ओबिन्नाची फाइल ठेवली,
वर एक डांबराची गोळी.
म्हणाले, "आमची जमीन नेली न मानसा ठेवली.
याचा उलटा हाय. याचा काय ठेवतील?"

आदानं शाळेच्या वहीत लिहिलं,
वडिलांचे गाव: कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
बाईंनी खाली लाल रेघ मारली.
मी काही खोडलं नाही.

शेजारची सुरेखा धीर देते,
तडीपार झालेले येतात की गं परत
दोन वर्षांनी, गळ्यात हार घालून.
हद्दपार म्हणजे ते नव्हे,
हे मी तिला सांगत नाही.
तांदूळ निवडते.
खाडीला भरती आली की आमच्या मोरीला वास येतो,
तो आलाय.

न्यायाधीशबाईंच्या घरीही
कुणीतरी उशिरा जेवत असेल.
त्याही झाकून ठेवत असतील काही,
आणि मग विसरत असतील,
दिवसभराच्या एवढ्या फायली.

साडेनऊला मी वाटी भरते, ताटली उपडी घालते.
आदा विचारत नाही आता, कुणासाठी.
सकाळी ती मांजराला,
नाहीतर मीच
उभ्या उभ्या, ओट्याशी.

आज थोडं आंबलं होतं.
खाल्लं.