पेटी दुरुस्त होईल

गोळीबार चौकातून आत वळलं की
बाबांच्या पाटीवर एवढंच होतं: पेटी दुरुस्त होईल.
संत्र्याच्या हंगामात लोक फुटक्या लाकडी पेट्या घेऊन यायचे,
बाबा हसायचे, त्याही ठोकून द्यायचे,
उरलेली फळी ठेवून घ्यायचे.

हातमाग बंद पडला तेव्हा निनावे घराण्यातल्या
दोघांनी रिक्षा घेतल्या, एकानं पानठेला टाकला.
बाबा म्हणाले, फणीतून धागा ओवणारी बोटं
हवेची वाटही शोधतील,
अन् भात्याला ठिगळ लावायला बसले.

मी शाळेतून आलो की वासानं ओळखायचो:
ऊद म्हणजे ताजबाग, कव्वाल नन्हे मियाँची.
बुक्का म्हणजे महालातलं भजनी मंडळ.
जरीपटक्याच्या दरबारातली रेशमी खोळीत यायची,
आजारी माणसासारखी, दोघांनी धरून.
इंदोऱ्याच्या गायन पार्टीची सायकलच्या कॅरिअरवर,
निळ्या दुपट्ट्यात बांधलेली,
उन्हानं हात लावू न देणारी.

पेच काढायच्या आधी बाबा विचारायचे,
"कुठं गाता जी तुम्ही?"

इंदोऱ्याचे तानबा रंगारी म्हणाले,
"मैदानात. मांगच्या मानसाले बी आयकू गेलं पाह्यजे.
थो लई सालं मांगंच उभा होता."
नन्हे मियाँ म्हणाले, पहाटे, घसे बसल्यावर;
सुरानं तेव्हा हात द्यावा.
लछमीदादी म्हणाली, सिंधमधून निघताना पेटी राहिली,
चाल तेवढी सोबत आली,
ती हिच्यात बसली पाहिजे.
मंडळाचे अंबादासपंत म्हणाले, गातो मंदिरात.
मग आवाज खाली आणून,
"आमची पेटी त्या पेट्यांना लागून ठेवू नका."

बाबांनी मधे एक फळी उभी केली,
संत्र्याच्या पेटीची.
तिच्यावर अजून साल चिकटलेली होती.

"साऱ्या एकसारख्या लावून टाका ना," मी म्हटलं,
"काम लवकर होईल."
"एकाच मापाची चप्पल
साऱ्या गावाले घालशीन का बे?"

मग ते चार दिवस आले.
रस्त्यावर विटा, दारांना आतून कड्या,
पालिताण्याहून निघालेलं पात्यांचं पार्सल
स्टेशनवर अडकलेलं,
अन् चार पेट्या पोट उघडून पडलेल्या.
चौघांनाही पुढच्या आठवड्यात हव्या होत्या,
कुणाचा उरूस, कुणाची जयंती,
गाणं काही कर्फ्यू पाहून ठरत नाही.

तिसऱ्या रात्री दिव्याची वात बारीक करून
बाबांनी प्रत्येकीच्या मागच्या रांगेतली
एकेक पाती काढली
अन् दुसरीच्या रिकाम्या घरात बसवली.
कानाजवळ धरून कानशीनं इतकी घासली
की नव्या घरी ती परकी वाटू नये,
पण जुनं घरही विसरू नये.
मला म्हणाले, कोणाले सांगू नको.
मी नाही सांगितलं.
फक्त उरुसात उभा असताना
नन्हे मियाँच्या पेटीत एकदम लछमीदादी बोलली,
मी दचकून मागं वळून पाहिलं.

काल अंबादासपंतांचा नातू आला.
बुक्क्याचा वास अजून तसाच.
झाकण काढलं, फुंकर मारली,
मागच्या रांगेत कोमल गंधाराच्या पातीवर
सुईनं कोरलेलं बारीक अक्षर दिसलं:
इं.

"जुन्या सुरांची बातच वेगळी," तो म्हणाला.
"आजोबा कुणाला हात लावू देत नव्हते."
हो, मी म्हटलं.
फळी अजून भिंतीला टेकून उभी आहे,
तिला आता चष्मा अडकवतो मी.

"कुठं गाता जी तुम्ही?" मी विचारलं.
तो विचारात पडला.
तोवर मी भाता ओढला.
एवढ्या वर्षांची धूळ आत होती,
पुढची रांग घरघरली,
मागच्या रांगेतला गंधार
सगळ्यांच्या आधी बोलला.