बुडाची कडा

हरेश्वर मढवींनी कुपी आधी उलटी केली.
लाल मासा कुणीही बघेल, म्हणाले,
बूड बघ.

कडेला झिलई नाही. ओल्या फडक्याने पुसलीय,
नाहीतर भट्टीतच चिकटून बसली असती.

रबाळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
त्यांनी विजेच्या तारांचे इन्सुलेटर भाजले.
घणसोलीच्या त्यांच्या अंगणाला कुंपणही
नापास मालाचंच.
उजव्या भुवईला केस नाहीत.

मासा तांब्याचा. झिलईखाली रंगवलेला,
भट्टीत जाताना काळपट असणार.
मग तेराशे अंशांवर हवा कोंडायची,
ज्वाळा धुरात गुदमरली पाहिजे,
तेव्हा कुठे हा लाल.
शेपटीशी हिरवट डाग दिसतो?
कुणीतरी झरोक्याची वीट उशिरा लावली.

आतून?
आत बोट जात नाही, बाबा.
झिलई ओतली, गोल फिरवली, ओतून टाकली.
चिमूटभर तपकिरीसाठी एवढा खटाटोप.

मी किंमत विचारली.
त्यांनी कुपी कानाशी नेली, नखाने टिचकी मारली,
पुन्हा मारली.

वीट लावणाऱ्याला, म्हणाले,
त्या रात्री शिव्या पडल्या असतील.
आणि अंगठ्याने तो हिरवा डाग
पुसत राहिले, निघणार नाही हे ठाऊक असून.