पाठमोरी

हार्लिंगनला आमच्या गल्लीत
खिडक्यांना पडदे नसतात.
जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतं सगळं,
जेवणाचं टेबल, वाटाण्याचं सूप,
यॉरितच्या मोज्याचं भोक.
पण कुणी बघत नाही.
शेजारचा म्हातारा सीत्से
आमच्या खिडकीशी आला की
बंदरातल्या बोटींची काळजी लागल्यासारखी
मान वळवतो,
आणि खिडकी संपली की सरळ करतो.
चाळीस वर्षं.
त्याला कुणी शिकवलं नसेल हे.

मला वाटलं, फोनही तसाच.

हिस्के जन्मली
आणि तिची नाळ पडायच्या आत
तिचा फोटो चढवला मी.
मग पहिला दात.
मग शाळेचा पहिला दिवस,
मागे पाटी, पाटीवर शाळेचं नाव,
वाचता येईल इतकं स्वच्छ.
मग ताप, लाल गाल, बिचारी माझी चिमणी.
तिनं अंथरूण ओलं केलं
आणि मांजरावर ढकललं,
ती गंमतसुद्धा मीच लिहिली, नावानिशी.
एकशे बारा जण हसले.
त्यांच्यासाठी मी आणखी एक लिहिली.

परवा ती शाळेतून आली
ती सायकल भिंतीला न टेकवता,
टाकूनच.
ओल्या चादरीची गोष्ट
वर्गाच्या ग्रुपवर फिरत होती सकाळपासून,
खाली मांजरांची चित्रं, रांगेनं.
रडली नाही.
एवढंच म्हणाली,
"तू मला विचारलं होतंस?"
"तू तीन वर्षांची होतीस गं."
"मग थांबायचं होतंस."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
माझी मूठ मी झाकलेलीच ठेवली की,
माझं वजन, माझी भांडणं,
ते वर्ष, जेव्हा यॉरित वरच्या खोलीत झोपायचा.
उघडली ती तिची.
एकेक बोट सोडवून.

यॉरितनं सांगितलं तसं सगळं केलं.
खातं खासगी केलं, ठिकाण बंद केलं,
पासवर्ड बदलला (तोही तिच्या वाढदिवसाचा होता).
बैल गेला नि झोपा केला.
मग रात्री बसलो दोघी,
मी पुसत गेले, ती बघत गेली.
एक हजार एकशे त्रेचाळीस.
दर वेळी फोन विचारायचा,
नक्की पुसायचं?
तीनशेच्या पुढे कधीतरी
माझा अंगठा थांबला.
चढवताना यानं एकदाही
नक्की का, म्हणून विचारलं नव्हतं.

एका फोटोखाली आकडा होता,
सत्तेचाळीस जणांनी जपून ठेवलाय.
पिवळा रेनकोट, हातात खेकडा, वय चार.
ओळखीचे मोजले, अकरा भरले.
आजी धरून.
उरलेले छत्तीस
कुठल्या गावात राहतात,
त्यांच्या खोलीला पडदे आहेत का,
आणि माझी मुलगी तिथे
अजून खेकडा धरून उभी आहे का,
हे कुणाला विचारायचं असतं?
पुसला.
माझ्या बाजूनं पुसला.
हिस्केनं तो आकडा पाहिला होता.
मी काही बोलले नाही, तीही नाही.

एक वाजून गेल्यावर
तिनं माझं मनगट धरलं.
"हा राहू दे."
समुद्राच्या बांधावर मेंढ्या,
सगळ्यांची तोंडं वाऱ्याच्या उलट,
आणि त्यांच्यात एक टोपी ओढलेली पोर,
पाठमोरी.
"यात काय आहे?" मी म्हटलं.
"यात मी कुणीही असू शकते."
तो राहिला.

सकाळी पाव घेऊन परत येत होते.
खिडकीत ती दिसली,
फोन कानाला, मोकळा हात हवेत,
इतकी हसत होती
की खुर्चीवरून घसरली असती.
कोण असेल पलीकडे?
काय म्हणालं असेल?
फार, फार जाणून घ्यायचं होतं मला.

बंदरावर वारा सुटला होता.
बोटी ठीक होत्या.