शंभर किलोमीटरनंतर

ओपुवोच्या शेवटच्या पेट्रोलपंपामागे काझिरेचं गॅरेज :
एक मोपानीचं झाड, दोन कंटेनर,
आणि पत्र्यावर टांगलेले पाने,
धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, वर्गाच्या फोटोतल्यासारखे.

मी म्हटलं, बोल्ट पुन्हा सुटलाय.
नव्या स्प्रिंगा, नवे शॉक, विंटहूकला बसवलेले,
गाडी दोन इंच उंच झालेली, मीसुद्धा.
बसवणारा म्हणाला होता, आता बघायलाच नको.
काझिरे म्हणाली, तेच तर. बघितलंच नाहीस.

मला वाटायचं, घात करतो तो खड्डा.
खड्डा एकदाच मारतो, ती म्हणाली, आणि मोकळा होतो.
नट सैल करते ती रस्त्यावरची बारीक वळी,
सेस्फोन्टेनपर्यंत अंथरलेल्या पन्हाळी पत्र्यासारखी.
ती मारत नाही. गोड बोलते.
जरा सरक ना, म्हणते,
लाख वेळा म्हणते,
आणि लाखाव्या वेळी नट सरकतो.

आता लांब दांडीचा पाना घेईल,
करकचून आवळेल, असं वाटलं.
तिनं होतं नव्हतं तेही सैल केलं.

गाडी जॅकवर लटकत असताना आवळलंय हे, म्हणाली.
चाकं हवेत, रबरी बुश अधांतरी,
त्यांना वाटलं, हीच आपली बसायची जागा.
मग गाडी जमिनीवर आली आणि जन्मभराचा पीळ पडला.

गाडी उतरवली. चार चाकांवर.
रोजचं ओझं चढव म्हणाली, एकही डाग न वगळता :
लसींची पेटी, पाण्याचे कॅन, दोन जादा चाकं,
आणि मी, पुढच्या सीटवर, पोटासकट.
मग ती खाली सरपटली.
नुसत्या टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या,
आणि पान्याचा आवाज येत होता. टक.
टक झालं की हात थांबायचा.
अजून थोडं आवळ ना, मी वरून म्हटलं.
खालून उत्तर आलं नाही.

जुने नट तिनं डब्यात फेकले.
त्यातली नायलॉनची कडी एकदाच धरते,
दुसऱ्यांदा नुसती धरल्यासारखं करते.
(हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
लग्नाबद्दल तिला कधी विचारलं नाही मी.)

शेवटी रंग. पण रंग संपला होता.
म्हणून लेकीची नेलपॉलिश, झगझगीत गुलाबी :
नटावरून बोल्टवर, बोल्टवरून ब्रॅकेटवर
एकेक रेघ, श्वास रोखून.
शंभर किलोमीटर झाले की थांबायचं, म्हणाली.
आवाज आला तर नव्हे. शंभर झाले की.

शंभर झाले ते कोरड्या नदीच्या पात्राशी.
एक पोरगा शेळ्या सोडून आला.
गाडी मेली का?
नाही रे, बघतोय.
काय झालंय?
काही नाही झालेलं. म्हणून बघतोय.
त्याला ते पटलं नाही, पण टॉर्च त्यानंच धरला.

पाठीखाली वाळू, तापलेल्या लोखंडाचा वास.
सात रेघा सरळ.
आठवी मधोमध तुटलेली, केसभर,
जणू कुणी बोलता बोलता नजर वळवली.

मी पाना मागितला.
पोरगा अजून आत वाकून पाहत होता.
तुझ्या गाडीनं, तो म्हणाला,
नखं रंगवलीत.