अजून तीन फेऱ्या

कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलीन, खताच्या गोणीतला युरिया,
दोन्ही पांढरे, कोरडे,
आपापल्या बाटलीत गप्प.
एकाला दोन या मापाने एकत्र करून ऊब दिली
तर पाण्याचा थेंबही न घालता पाझरतात
आणि चंचुपात्रात उरतं मधासारखं काही संथ.
वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत.
रत्नागिरीला, कॉलेजच्या मागच्या दीड खोलीत
धूर ओढणारा पंखा गणपतीपासून बंद आहे,
म्हणून आम्ही हिरव्या द्रावकांचे.
तत्त्व नंतर सुचलं.

त्या संथपणात मोनोमर सोडायचा,
मसुराच्या दाण्याएवढी कार्बनची चकती बुडवायची
आणि विद्युतदाब चढवायचा, उतरवायचा.
एका भरती-ओहोटीला दोन मिनिटं.
पाचव्या फेरीला करडी झाक,
दहाव्याला जांभळट निळी साय धरते,
वीज वाहून नेणारी साय.
घाई केली की ती फाटते.
आईला हे दुधावरून ठाऊक होतं,
मला तीन महिने लागले.

चौदाव्या फेरीला लाइट गेली.
अर्धी वाढलेली ती चकती
का कोण जाणे, टाकली नाही.

आई ओहोटीला खडपात बसून कालवं फोडते.
यंदा जेटीकडची पोटात हिरवी निघाली,
चाखून तिने थुंकली.
'कारखान्याचा पाणी,' सगळी आळी म्हणाली,
धाकूमामा सगळ्यांत मोठ्याने.

दोन बाटल्या आणल्या होत्या.
कारखान्याच्या अंगाची: रेघ सपाट,
वारा पडलेल्या दुपारसारखी.
जेटीची: तांब्याच्या जागी टोक उठलं,
कोयतीसारखं.
चकती धुतली. पुन्हा तेच.
पुन्हा.

होडीच्या बुडाला शिंपले धरू नयेत
म्हणून लावतात तो लाल रंग,
त्यात तांबं असतं. डब्यावर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.
गेल्या मे महिन्यात मामा होडीखाली उताणा पडून ब्रश फिरवत होता,
आणि डबा
मी धरला होता.

अर्ध्या सायीवर कुणाचं नाव घेऊ नये.
नवी चकती घासली, नवा द्राव ऊबेला ठेवला,
सकाळपासून फेऱ्या मोजतेय.

मामाचा फोन.
'काय निघाला गो? कारखानाच ना?'

पडद्यावर सतरावी रेघ
वळून उतरत होती.
म्हटलं, थांब मामा,
अजून तीन फेऱ्या आहेत.